सहा नंबरची वही आणि माझा कोड

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका दूध संकलन केंद्रावर एक शेतकरी दादा आले. बँकेत कर्जाची फाईल होती, त्यासाठी २०२२ ची दुधाची बिलं हवी होती. केंद्राचं वेब ॲप मी लिहिलेलं. तिथल्या मुलाने बटण दाबलं, बिल छापून आलं. लिटर बरोबर, फॅट बरोबर, एसएनएफ बरोबर. पण वर जिल्हा छापला होता अहिल्यानगर, आणि खाली दर लागला होता यंदाचा. दादांनी घरून आणलेली एक जुनी पावती शेजारी ठेवली आणि म्हणाले, "जिल्ह्याचं नाव बदललं ते ठावं हाय. पण तवाचा दर आता कसा काय बदलला?"

मुलाने मला फोन लावला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक माझीच होती. दर मी कोडमध्ये एकाच जागी ठेवला होता. दर बदलला की त्या जागचा आकडा पुसून नवा लिहायचा. बिलाचं फंक्शन दर वेळी तिथे जाऊन विचारायचं, "आत्ता दर काय?" बिल कोणत्या दिवसाचं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. जिल्ह्याचं नावही तसंच. २०२४ मध्ये नामांतर झालं तेव्हा मी एक ओळ बदलली आणि काम दोन मिनिटांत झालं म्हणून खूश झालो. त्या एका ओळीने मागच्या सगळ्या वर्षांची बिलं बदलली होती.

या चुकीवरचा इलाज माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. १९३० च्या दशकात अलोन्झो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने लॅम्डा कॅल्क्युलस मांडलं. त्यात सगळी गणना फक्त फंक्शननी होते, कुठली जागा पुसून नवा आकडा लिहिणं हा प्रकारच नाही. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थींनी त्यातून काही कल्पना घेत लिस्प ही भाषा सुरू केली. आणि १९७७ मध्ये ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात जॉन बॅकस यांनी थेट टीका केली, की आपली प्रोग्रामिंगची पद्धतच एकेक जागा पुसून लिहिण्यात अडकली आहे. हे बॅकस म्हणजे फोरट्रान घडवणाऱ्या गटाचे प्रमुख. घरच्याच माणसाने घराचा पाया तपासायला सांगावं, तसं ते होतं.

वेबवर हे उशिरा आलं. १९९५ मध्ये नेटस्केपने ब्रेंडन आइकना घेतलं, तेव्हा ब्राउझरमध्ये लिस्पच्या घराण्यातली स्कीम ही भाषा बसवायचं ठरत होतं. शेवटी जावासारखी दिसणारी जावास्क्रिप्ट दहा दिवसांत तयार झाली, पण फंक्शनला मान देण्याची सवय तिच्या अंगात राहिली. २००९ च्या प्रमाण आवृत्तीत मॅप, फिल्टर, रिड्यूस आले. २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट खुलं केलं, २०१५ मध्ये रिडक्स आलं. रिडक्सचा नियम साधा आहे. जुनी स्थिती घ्या, काय घडलं त्याची नोंद घ्या, त्यातून नवी स्थिती तयार करा. जुनीला हात लावू नका.

या शैलीत एका शब्दाची सगळ्यांना धास्ती असते. म्यूटेशन, म्हणजे असलेली गोष्ट जागच्या जागी बदलणं. आता गंमत बघा. महसुलाच्या इंग्रजीत फेरफाराला हाच शब्द आहे, म्यूटेशन. गाव नमुना सहा, ज्याला आपण फेरफाराची वही म्हणतो, ती म्यूटेशनचीच वही. पण ही वही नेमकं उलटं शिकवते.

मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा झाला. आज आपल्याकडे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू आहे. पद्धत अशी: जमीन विकली, वारस लागले, बोजा चढला, की आधी नमुना सहामध्ये नवा क्रमांक टाकून नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. तिथेही जुन्या नावाला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. नोंद रद्द झाली तरी ती वहीतून जात नाही, रद्दचा शेरा घेऊन तिथेच राहते.

म्हणजे सातबारा ही आजची स्थिती. आणि ती स्थिती का आली, ते सहा नंबरला. रिडक्सचा नियम मला पहिल्यांदा नीट समजला तो असा.

आमच्या घराने याची किंमत मोजली आहे. आजोबांच्या वारसांत दोन्ही आत्यांची नावं लागली होती. पुढे कुठल्याशा उताऱ्यावर धाकट्या आत्याचं नाव गळलं आणि नंतरच्या प्रत्येक उताऱ्यावर ते नसलेलंच राहिलं. आत्याला वाटायचं भावांनी काढलं, भावांना वाटायचं तिनेच हक्क सोडला. बारा वर्षं राखी पोस्टाने यायची. शेवटी जुन्या फेरफाराची नक्कल काढली. तिचं नाव त्यात होतं आणि ते कमी करणारा पुढचा फेरफार कुठेच नव्हता. दुरुस्ती झाली. ती वही खोडून लिहायची असती, तर आमच्याकडे फक्त एकमेकांवरचा संशय उरला असता.

हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना राज्यभर अशा चुका राहिल्या. म्हणून तर २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पण मिळवायला घ्यायची ती जुनी वही आहे, हे ज्यांनी पडताळणी केली त्यांना विचारा.

माझं ॲप मी पुन्हा लिहिलं. आता बिलाच्या फंक्शनला लिटर, फॅट, एसएनएफ आणि त्या तारखेचं दरपत्रक, सगळं हातात दिलं जातं. ते बाहेर कुठे डोकावत नाही. तेच आकडे दिले की दहा वर्षांनीही तीच रक्कम येणार. दुधाची नोंद चुकली तर ती खोडायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची. बाकी म्हणजे या सगळ्या नोंदींची बेरीज, रिड्यूस. यात फुकट काही नाही. जागा जास्त लागते, बेरजा वेळ खातात, म्हणून रोजची बाकी काढून ठेवावी लागते. पण ती पुसली गेली तरी नोंदींवरून पुन्हा काढता येते.

हे सगळं फक्त प्रोग्रामरनी वाचावं म्हणून लिहिलं नाही. रेशन, पीक विमा, घरकुल, पाणीपट्टी, आपलं आयुष्य आता कुणीतरी लिहिलेल्या वेब ॲपमध्ये आहे. नवं पोर्टल आलं की आपण विचारतो, चालतं का, मराठीत आहे का, मोबाईलवर उघडतं का. ग्रामसभेत आणखी एक प्रश्न विचारायला शिका: माझी नोंद कुणी बदलली, तर आधी काय होतं ते मला दिसेल का? "सिस्टीममध्ये असंच दाखवतंय" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

दादांना बिल द्यायला दोन दिवस लागले. २०२२ ची दरपत्रकं केंद्राच्या कपाटात कागदावर शिल्लक होती, म्हणून मी वाचलो. नव्या बिलावर दर तेव्हाचाच आला, आणि जिल्हा अहमदनगर. दादांनी जुनी पावती शेजारी धरून आकडा जुळवला, बिलाची घडी केली आणि खिशात ठेवली.