कलाभवनाचा धडा

वाचकहो, बडोद्यात ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या, त्यांना कलाभवन हे नाव नवे नाही. कुणाचे आजोबा तिथे शिकले, कुणाचे मामा तिथे शिकवत. पण ते कशासाठी निघाले, हे आपण विसरत चाललो आहोत. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, इतिहासाचा पंडित नव्हे. हा विषय मला एका रुग्णाने दिला.

बावीस वर्षांचा मुलगा. आम्लपित्त, झोप नाही. आयटीआयचा टर्नरचा कोर्स चांगल्या गुणांनी पास झालेला. मुलाखतीला गेला तर कारखान्यात त्याला सीएनसी यंत्रापुढे उभे केले. त्याच्या संस्थेत लेथ होते दोन, त्यातले एक बंद. "डॉक्टरकाका, वहीतली आकृती मला अजून पाठ आहे," तो म्हणाला. मी नक्स व्होमिका दिले. पण दुखणे पोटात नव्हते, हे मलाही कळत होते.

आता मागे जाऊ. माझे आजोबा कापडाचे व्यापारी. ठाण घेताना ते कोपरा ओला करून बोटांत चोळत; रंग बोटाला लागला की ठाण परत. त्या एका परीक्षेवर पिढ्यान्‌पिढ्या रंगाऱ्यांची घरे चालली होती. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा. मग १८६९ मध्ये मंजिष्ठेतले रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. रंगाऱ्याचा हात तोच राहिला, बाजार मात्र बदलला.

या दोन सालांच्या मध्ये, १८९० मध्ये, सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले. नाशिककडच्या कवळाणे गावातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या या राजाला हाताच्या कामाची लाज नव्हती. प्रमुख म्हणून त्यांनी नेमले बडोदा कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांना. सुरतेचे गज्जर जातीने सुतार. रंगकाम, छपाई, चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय ठेवले आणि शिकवायचे ठरले ते मातृभाषेत, म्हणजे गुजरातीत. पुस्तके नव्हती, तेव्हा ती तयार करून घेण्यासाठी महाराजांनी पन्नास हजार रुपये मंजूर केले. 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही माला त्यातून निघाली. रंगाऱ्याच्या मुलाला रसायन कळावे, पण त्यासाठी आधी इंग्रजी शिकण्याची अट नसावी, एवढा साधा तो विचार होता. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर इथेच शिकायला आले, हे आपल्याला ठाऊक आहेच.

मग पुढे काय झाले? शाळा निघाली, पण शिकलेल्याला काम देणारे कारखाने बडोद्यात फारसे नव्हते. मुले मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांकडे पाहू लागली. १८९६ मध्ये गज्जरही मुंबईला गेले. दामोदर चाफेकरांनी राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, ते डाग काढणारे हेच गज्जर. लोकांना ते एवढ्यासाठीच आठवतात. पण त्यांचे मोठे काम नंतरचे. १९०७ मध्ये त्यांच्या हाताखाली तयार झालेले कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह त्यांनी बडोद्यात अलेंबिक कारखाना उभा केला. सुरुवात होती अल्कोहोल आणि टिंक्चरांची. माझ्या दवाखान्यातले प्रत्येक मूळ अर्क अल्कोहोलमध्येच असते, म्हणून मला हे विशेष जवळचे वाटते.

१८९० ते १९०७. सतरा वर्षे. शाळा आणि कारखाना यांच्यामधले अंतर एवढे होते, आणि ते ओलांडले ते मास्तरांनीच. प्रयोगशाळेत शिकवणारा माणूस भट्टीपाशी जाऊन उभा राहिला.

आज सगळे म्हणतात, उद्योगाला हवे तेच शिकवा. मला ते अर्धेच पटते. १८६८ चा रंगारी बाजाराला हवे तेच शिकला होता. एक रसायन निघाले आणि त्याची विद्या शिळी झाली. आजच्या गरजेला बेतून शिवलेला अंगरखा उद्या आखूड होतो. म्हणून गज्जरांनी रंग कसा द्यायचा याबरोबर रंग का बसतो हेही शिकवायला घेतले. हात आजच्या कामासाठी आणि शास्त्र उद्याच्या, असे दोन्ही लागते. कलाभवन १९४९ मध्ये विद्यापीठात सामावले. हा धडा मात्र बाहेरच राहिला असे मला वाटते.

तो मुलगा पुढे एका छोट्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. कायदा १९६१ चा आहे, पण दार उघडले एका मालकाने. वहीतली ती पाठ आकृती तिथे कामी आली. यंत्र नवे असले तरी मापे तीच होती. दिवाळीत तो आईच्या गुडघ्यांचे औषध न्यायला आला. पोटाचे विचारले तर म्हणाला, "ते होय? विसरलोच."

आपली घराणी इथे आली ती बहुतेक दरबारी चाकरीसाठी, आणि लेखणीचा मान आपण अजून सोडलेला नाही. पण आता आपल्यापैकी कित्येकांची वर्कशॉपे मकरपुऱ्यात आहेत. वाचकहो, यंदा त्यातल्या एका यंत्रापाशी एखाद्या मुलाला उभे राहू द्या. आणि जवळच्या आयटीआयच्या मास्तरांनाही एकदा चहाला बोलवा; तुमचे यंत्र त्यांनीही पाहिले पाहिजे.