मधली नव्याण्णव वर्षे

परवा भाचीने एक प्रश्न विचारला आणि मी चक्क अडकलो. ती फुटबॉल खेळते (घरच्यांना तिच्या सोललेल्या गुडघ्यांवरून हे माहीत आहेच). शाळेच्या प्रकल्पासाठी ती इंग्लंडच्या एफए कपच्या विजेत्यांच्या याद्या उतरवून घेत होती. पुरुषांची यादी १८७२ पासून सुरू होते, बायकांची १९७१ पासून. तिने वजाबाकी केली आणि विचारले, "मामा, मधली नव्याण्णव वर्षे बायका काय करत होत्या?"

"खेळत नसतील," मी म्हणालो आणि पेपरात डोके घातले.

पण उत्तर मलाच पटेना. रात्री वाचत बसलो तेव्हा कळले की मी साफ चुकलो होतो.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या आवारात चेंडू लाथाडू लागल्या, मग संघ झाले, मग संघांचे सामने. ईशान्य इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या संघांनी तर बाद पद्धतीचा चषकही खेळला. म्हणजे हरला तो घरी, उरला तो पुढच्या फेरीत. मे १९१८ मध्ये मिडल्सब्रोला त्याचा अंतिम सामना झाला. ब्लाइथ स्पार्टन्सच्या मुलींनी तो ५-० असा जिंकला आणि बघायला बावीस हजार माणसे होती. हा चषक त्या भागापुरताच होता, पण होता.

सगळ्यांत गाजला तो प्रेस्टन गावचा 'डिक, कर लेडीज'. डिक, कर हे कारखान्याचे नाव. १९१७ च्या नाताळात जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी त्यांनी सामना खेळला, तिथून मदतनिधीच्या सामन्यांची रांगच लागली. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३,००० लोक आले. आत जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेरून परत गेले. तीन हजारांवर पौंड जमले, तेही धर्मादाय कामासाठी. हा आकडा लक्षात ठेवा मंडळी, पुढे लागणार आहे.

वर्षभरात माशी शिंकली. ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे एफएने, ठराव केला. फुटबॉल हा खेळ बायकांना अजिबात योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदाने देऊ नयेत. जोडीला जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो अशीही तक्रार होती. मला विचाराल तर त्या ५३,००० लोकांनीच कुणाची तरी झोप उडवली असणार.

ठरावाची गंमत बघा. बायकांनी खेळू नये असे त्यात कुठेच नाही. पण तिकीटखिडकी असलेले प्रत्येक बरे मैदान संलग्न क्लबाचेच होते. नाटक खुशाल करा, फक्त नाट्यगृह मिळणार नाही, असला हा प्रकार. गर्दी नाही, म्हणून पैसा नाही, म्हणून वर्तमानपत्रांत बातमी नाही.

तरीही बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या क्लबांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. तिचे अध्यक्ष लेन ब्रिजेट यांनी चांदीचा चषक दिला आणि १९२२ मध्ये राष्ट्रीय बाद स्पर्धा खेळली गेली! २४ जूनला अंतिम सामन्यात स्टोकच्या मुलींनी डॉनकास्टर अँड बेंटलीला ३-१ असे हरवले. बंदीला सात महिनेही झाले नव्हते. पुढे ती संघटना टिकली नाही, चषक पुन्हा खेळला गेला नाही, आणि भाचीच्या यादीत स्टोकचे नाव नाही.

इथे मी जरा थांबलो. चषक म्हणजे चांदीचे भांडे, असे आपण समजतो. पण दरवर्षी कोण जिंकले ते लिहून ठेवणारी ती एक वहीच असते. वही ज्याच्या हातात, तो लिहील ते घडले, बाकीचे घडलेच नाही. लिली पार ही डिक, करची डावखुरी खेळाडू. चौदाव्या वर्षी संघात आली आणि १९५१ पर्यंत खेळली. एफए कपच्या वहीत तिच्या नावाची एक ओळ नाही, कारण तिच्या हयातभराच्या खेळात तिला खेळायला तो कपच नव्हता! १९७८ मध्ये ती गेली. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या मानकऱ्यांत तिचे नाव लागले २००२ मध्ये. तो मान मिळालेली ती पहिली बाई.

बंदी उठायला सुमारे पन्नास वर्षे लागली. १९६९ मध्ये बायकांची नवी संघटना उभी राहिली आणि १९७०-७१ च्या हंगामात चषक सुरू झाला. ७१ संघ उतरले, त्यांत स्कॉटलंड आणि वेल्सचेही होते. ८ मे १९७१, शनिवार. वेम्बलीवर एक लाख लोकांसमोर आर्सेनलने लिव्हरपूलला हरवून पुरुषांचा कप उचलला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर साउदॅम्प्टनच्या बायकांनी स्कॉटलंडच्या स्टुअर्टन थिसलला ४-१ असे हरवले. भाचीच्या यादीतली पहिली ओळ ती हीच.

एफएने ही स्पर्धा आपल्या हातात घेतली १९९३ मध्ये. त्या जुन्या बंदीबद्दल माफी मागितली २००८ मध्ये. अंतिम सामना वेम्बलीवर आला २०१५ मध्ये, तेव्हा ३०,७१० प्रेक्षक होते. आता तो मघाचा आकडा काढा. या चषकाच्या अंतिम सामन्याने ५३,००० ची गर्दी ओलांडली ती थेट २०२३ मध्ये, चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड खेळल्या तेव्हा. ७७,३९० लोक आले. म्हणजे १९२० साली जमलेली गर्दी परत जमवायला १०३ वर्षे लागली. आणि बक्षीस? २०२२ मध्ये विजेत्या बायकांना २५,००० पौंड आणि पुरुषांना १८ लाख. पुढच्या वर्षी बायकांची रक्कम एक लाख झाली. वजाबाकी अजून संपलेली नाही.

सकाळी भाचीला हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि वहीत १९७१ च्या वर पेन्सिलीने लिहिले, '१९२२ : स्टोक'. मग विचारले, "बाई चूक देतील का रे?"

देतील कदाचित. खोडू नकोस म्हणालो.