उकळीपासून लाल दिव्यापर्यंत : इंजिन तापल्याच्या इशाऱ्याची कुळकथा

मोटारीचे इंजिन तापल्यावर डॅशबोर्डावर जे लाल चिन्ह उमटते, त्यात लाटांवर उभा असलेला थर्मामीटर दाखवलेला असतो. मालवणच्या किनाऱ्यावरील माणसाला त्या लाटा समुद्राच्या वाटल्या तर त्यात नवल नाही. परंतु त्या लाटा म्हणजे इंजिनाभोवती फिरणारे पाणी होय, आणि हे चित्र वरवर दिसते त्याहून अधिक प्रामाणिक आहे, कारण बहुतेक मोटारींत हा इशारा इंजिनाच्या धातूचे तापमान सांगतच नाही, तो सांगतो केवळ पाण्याचे. आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट चढताना होणारी बरीचशी फसगत या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने होते, आणि हा भेद निर्माण कसा झाला हे पाहण्यासाठी मोटारीच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्या इंजिनात पाणी उकळणे हा दोष नव्हता, तीच थंड करण्याची पद्धत होती. एक किलो पाणी ३० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते, तर उकळत्या पाण्याची वाफ होताना तेवढेच पाणी सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. म्हणून वाफ सोडून देणे आणि नवे पाणी ओतत राहणे हा त्या काळी सर्वांत सोपा मार्ग होता. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ यांनी मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत केलेल्या सुमारे १०० किलोमीटरच्या प्रवासात वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले, ते या कारणाने. अशा गाडीला इशाऱ्याची गरज नव्हती. पाणी संपत आले का, एवढेच पाहायचे होते. पुढे इशारे आले आणि नेमकी हीच साधी पाहणी मागे पडली.

उकळीला अपराधाचे रूप आले ते रेडिएटरमुळे. रेडिएटर म्हणजे गरम पाण्यातील उष्णता वाऱ्यावर सोडून तेच पाणी पुन्हा इंजिनाकडे पाठवणारी जाळी. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझसाठी ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांची मधपोळ्यासारखी जाळी तयार केली आणि अवघ्या ९ लिटर पाण्यात काम भागवले. पाणी आता खर्च होत नव्हते, फिरत होते. काही गाड्यांत ते पंपाने फिरे, तर १९०८ पासून विकल्या गेलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये ‘गरम पाणी हलके होऊन वर चढते’ एवढ्याच नियमावर ते दीर्घकाळ फिरवले गेले. पाणी थोडे आणि मार्ग बंदिस्त असल्यामुळे उकळी फुटणे म्हणजे बिघाड, असे समीकरण झाले. मात्र उकळी फुटल्यावर कळून उपयोग नव्हता, ती फुटण्याआधी कळायला हवे होते.

ही गरज ओळखून १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांच्या कंपनीने ‘मोटोमीटर’ बाजारात आणले. रेडिएटरच्या टोपणावर बसवलेल्या या गोल थर्मामीटरमधील लाल द्रवाची रेघ चालकाला काचेतून, नाकासमोर दिसे. त्याचा फुगा पाण्यात बुडालेला नसे, तर पाण्यावरच्या पोकळीतील वाफेचे तापमान मोजत असे. इंजिनाच्या धातूची खबर पाण्याकडून आणि पाण्याची खबर वाफेकडून घेण्याची ही रीत म्हणजे या घराण्याचा मूळ पुरुष म्हणावा लागेल.

पुढे टोपणावरच्या रेघेची जागा डॅशबोर्डातील काट्याने घेतली. युजेन बोर्डों यांनी १८४९ मध्ये वाफेच्या यंत्रांसाठी शोधलेली वाकडी नळी आतील दाब वाढला की सरळ होऊ पाहते. इंजिनाच्या पाण्यात ईथरसारख्या चटकन वाफ होणाऱ्या द्रवाचा फुगा ठेवून, तेथून केसासारखी बारीक नळी डॅशबोर्डापर्यंत नेली की त्याच तत्त्वावर काटा हलतो. त्यानंतर आला थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विद्युत्‌रोध कमी होतो असा तुकडा. चांदीच्या सल्फाइडमध्ये हा गुण मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्येच नोंदवला होता. त्याला व्यवहारात रूप यायला शतक लागले. शेवटी अनेक स्वस्त गाड्यांतून काटाही गेला आणि दिवा उरला : थंडपणी निळा, अतितापात लाल. जेथे काटा टिकला, तेथेही त्याच्यामागे बसलेला संगणक मधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात त्याला मुद्दाम स्थिर ठेवतो, कारण चढावर काटा जरा सरकला की गिऱ्हाईक घाबरते. घाटात गाडी हळूहळू तापत असल्याची जी सूचना जुन्या काट्यावरून मिळे, ती सोयीच्या नावाखाली अशी काढून घेतली गेली आहे.

सिंधुदुर्गातील भूगोल या यंत्रणेची कसून परीक्षा घेतो. सावंतवाडीकडून आंबोलीला जाणारा रस्ता दाणोली सोडल्यावर चढू लागतो आणि सुमारे ६९० मीटर उंचीवर पोहोचतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरत असते, गाडीचा वेग मात्र कमी, त्यामुळे जाळीवर समोरून येणारा वारा तुटपुंजा. त्यात दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा पूर्वेकडे चढणाऱ्या गाडीच्या पाठीवर असतो आणि उरलेला फायदाही कमी करतो. माथ्यावर हवेचा दाब घटल्यामुळे उघडे पाणी ९८ अंशांच्या आतच उकळते. आंबोली, फोंडा आणि करूळ या घाटांच्या माथ्यावर बोनेट उघडून, वाफ सोडत उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांच्या दृश्यामागे ही सगळी कारणे एकत्र होती. दाबाचे टोपण आणि ग्लायकॉल मिसळलेले कूलंट आल्यावर हे दृश्य विरळ झाले. प्रेशर कुकरप्रमाणे बंद भांड्यातील दाब वाढवून हे टोपण उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास नेते. मात्र गाडी गरम असताना तेच टोपण उघडले की दाब क्षणात नाहीसा होतो, १०० अंशांहून अधिक तापलेल्या द्रवाची एकदम वाफ होते आणि उघडणाऱ्याचा हात-चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनावर विहिरीचे गार पाणी ओतणेही तितकेच वाईट, कारण असमान आकुंचनाने ओतीव धातूला तडा जातो.

बिघाड शोधण्याची रीतही यंत्राच्या पिढीप्रमाणे बदलली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याऐवजी विजेचा पंखा घरोघरी नेला. तेव्हापासून गाडी धावताना ठीक आणि उभी राहिली की तापते असे असेल, तर मेकॅनिक आधी पंखा, त्याचा फ्यूज आणि स्विच पाहतो. उलट सपाटीवर ठीक आणि चढावर तापते, असे असेल तर संशय जाळीवर जातो, आणि किनारपट्टीत तो बहुधा खरा ठरतो, कारण खारा वारा अल्युमिनियमच्या पात्यांना खातो, तांबडी धूळ आणि पावसाळ्यातील चिखल त्यांच्यामधल्या फटी बुजवतात. काटा वर चढलेला असूनही रेडिएटरकडे जाणारी वरची नळी गारच राहिली, तर थर्मोस्टॅट अडकल्याची शक्यता असते. थर्मोस्टॅट म्हणजे गरम पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. ती काढून टाकण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, परंतु त्याने इंजिन नेहमीच अर्धवट थंड राहते, पेट्रोल जास्त लागते, आणि काही इंजिनांत तर बरेचसे पाणी रेडिएटर टाळून आखूड वाटेने फिरू लागते, म्हणजे उपायच रोग वाढवतो. मचूळ विहिरीचे पाणी भरत राहण्याची सवयही अशीच महागात पडते, कारण त्यातील क्षार आतून धातू गंजवतात.

सर्वांत घातक प्रसंगी मात्र इशारा गप्प बसतो. नळी फुटून पाणी एकदम वाहून गेले की संवेदक पाण्याऐवजी हवेत लोंबतो, काटा वाढण्याऐवजी खालीही येतो, आणि इकडे अल्युमिनियमचे हेड वाकून त्याखालचे गॅस्केट जळते. घाटात काटा अचानक उतरला आणि इंजिनाची ताकदही कमी झाली, तर तो दिलासा न मानता गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करणे हेच शहाणपणाचे ठरते. पाणी शाबूत असून काटा नुसता चढत असेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केल्याने काही उष्णता बाहेर पडते.

मालवणच्या बंदरातील होड्यांवर इशारा गप्प बसण्याची ही उणीव वेगळ्या रीतीने भरून काढलेली दिसते. होडीच्या मागे लावलेले आउटबोर्ड इंजिन समुद्राचेच पाणी खेचून थंड होते आणि त्यातली एक बारीक धार मुद्दाम बाहेर सोडलेली असते. ती थांबली की वाळूने, प्लास्टिकच्या पिशवीने किंवा झिजलेल्या पंपाने वाट अडली हे, तापमान वाढण्याआधीच, चालवणाऱ्याला कळते. हा इशारा उष्णतेचा नाही, प्रवाहाचा आहे. मोटारीत त्याला समांतर असलेला पातळीचा संवेदक पुष्कळ अवजड वाहनांत आणि काही महागड्या मोटारींतच आढळतो. बाकीच्यांच्या चालकाला सकाळी, इंजिन थंड असताना, बोनेट उघडून टाकीतील कूलंट दोन रेघांच्या मध्ये आहे ना हे स्वतःच पाहावे लागते, आणि घाट चढायचा असेल तर हे काम दाणोलीच्या अलीकडेच उरकलेले बरे.