मोडीचे वाचन आणि वाचनाची परीक्षा

मोडीचा विद्यार्थी ‘वाचू लागला’ असे केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न वरकरणी अध्यापनशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो संहितेच्या आकलनाचा प्रश्न आहे; आणि मोडीचे स्थान जसजसे बदलत गेले, तसतसे त्याचे उत्तरही बदलले आहे.

दप्तरात मोडी नांदत होती तोवर तिच्या वाचनाची कसोटी कामातच होती. कित्ता गिरवून हात बसलेला उमेदवार जाणत्या कारकुनाच्या हाताखाली राबे. अक्षर, मायना, कालगणना आणि महसुली परिभाषा तो एकत्रच आत्मसात करी. त्याचा कागद व्यवहारात टिकला की त्याचे शिक्षण सिद्ध होई.

१९१७ मध्ये मुंबई सरकारने प्रशासनासाठी मोडीऐवजी बालबोध लिपीचा निर्णय घेतला. त्याच वर्षी, कसबा बावडा येथे १८७४ मध्ये जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचे धोरण जाहीर केले. साक्षरतेचा परीघ विस्तारत असतानाच जुन्या कागदांची लिपी मागे सरू लागली. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतील तिचे अध्यापनही थांबले. पुढे मोडी प्रशिक्षणवर्गांत शिकवली जाऊ लागली, आणि लिप्यंतर ही तिच्या परीक्षेची सोयीची रीत ठरली. मोडी अक्षरासमोर बालबोध अक्षर ठेवले की चुका मोजता येतात आणि गुणही देता येतात.

या सोयीने वाचनाची व्याख्या मात्र आकुंचित केली. मोडी लेखनात शब्द सुटे नसतात, विरामचिन्हे नसतात. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचा निवाडा अर्थावाचून होत नाही. म्हणजे अक्षर लावतानाच वाचक अर्थनिर्णय करीत असतो. कालनिर्देशाचेही तसेच. ‘इहिदे सबैन मया अलफ’ हे शब्द निर्दोष उतरवणाऱ्यास त्यांतून १ + ७० + १०० + १००० अशी बेरीज करून सुहूर सन ११७१, म्हणजे इ. स. १७७०-७१, काढता आला नाही, तर त्याने कागद वाचला असे म्हणता येणार नाही.

स्थलनामे ही आणखी कठीण कसोटी होय. कोल्हापूर परिसरातील कागदात नुसते ‘बावडा’ आले, तर ते करवीरनजीकचे कसबा बावडा की पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठाणे असलेले गगनबावडा? तिन्ही अक्षरे अचूक लावूनही प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर कागदातील शेजारची गावे, व्यक्ती आणि व्यवहाराचे स्वरूप यांत शोधावे लागते. ‘कसबा’ आणि ‘मौजे’ यांतील दर्जाभेद ज्यास ठाऊक नाही, त्याला हा शोध घेणे अवघडच.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अशा छापील संग्रहांमुळे ही साधने मोडी न जाणणाऱ्यांसही खुली झाली. परंतु छापील बालबोध पाठामागे संपादकाचे असंख्य निर्णय दडलेले असतात, याचे भान त्याच सुलभतेने पुसट केले. लिप्यंतरावरच थांबणारी परीक्षा हे विस्मरण पुढच्या पिढीकडे सोपवते.

ही चर्चा केवळ विद्यापीठीय नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मोडी दप्तरे पुन्हा उघडावी लागली. एखाद्या शब्दाच्या वाचनावर एका कुटुंबाचा दाखला अवलंबून राहू शकतो. तेथे वाचकाच्या खात्रीइतकाच त्याचा संशयही मोलाचा असतो.

म्हणून मोडीच्या परीक्षेत लिप्यंतर ही पहिली पायरी मानावी. शब्दविच्छेदाची कारणे, मितीचा उलगडा आणि स्थलनिश्चिती यांनाही गुण असावेत. मुख्य म्हणजे, जेथे अक्षर लागत नाही तेथे अंदाज दडपून न लिहिता संशयित पाठ तसा नोंदवणाऱ्यास गुण मिळावेत. आजच्या परीक्षेत अशी मोकळी जागा चूक ठरते. पाठचिकित्सेचा आरंभ मात्र तेथूनच होतो.