खापरावर नाव आले की गाव सुटले

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरील एका जुन्या विहिरीत १९३७ साली १९० खापऱ्या सापडल्या. जवळजवळ सगळ्यांवर एकच नाव कोरलेले होते, अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याचे. बऱ्याचशा खापऱ्या म्हणजे मद्याच्या पेल्यांच्या गोल बैठका. अक्षर तपासल्यावर कळले, की एवढे कोरीवकाम अवघ्या १४ जणांनी केले होते. मते आयती लिहून वाटण्याची ही सोय कोणी केली असेल, हे थेमिस्टोक्लीसच्या विरोधकांना विचारायला हवे!

इ.स.पू. ५१० मध्ये हिप्पियास या हुकूमशहाला अथेन्सने हाकलले, पण धास्ती गेली नाही. पुन्हा कोणी डोईजड होऊ नये म्हणून, नको असलेल्या माणसाचे नाव खापरीवर कोरून त्याला हद्दपार करण्याचा कायदा आला. तो क्लेइस्थेनीस या अथेन्सच्या नेत्याचा मानतात. दर हिवाळ्यात नागरिकांच्या सभेला विचारले जाई, यंदा कोणाला घालवायचे आहे का? होकार आला, तर काही आठवड्यांनी चौकात मतदान. किमान ६,००० खापऱ्या जमल्या, तर सर्वाधिक वेळा ज्याचे नाव निघेल त्याने दहा दिवसांत शहर सोडायचे, तेही दहा वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही, बचावाचे भाषण नाही. घरदार, शेतीवाडी मात्र त्याचीच राही. बायका, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना अर्थातच मत नव्हते.

इ.स.पू. ४८७ मध्ये पहिला बळी गेला तो हिप्पार्खस, जुन्या हुकूमशहाच्या गोतावळ्यातला. पण पुढे कायद्याचा रोख प्रतिस्पर्ध्यांकडे वळला. लॉरियनच्या खाणीतली चांदी लोकांत न वाटता तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात, असा थेमिस्टोक्लीसचा आग्रह होता. त्याच सुमारास, इ.स.पू. ४८२ मध्ये, त्याचा प्रतिस्पर्धी अरिस्टायडीज हद्दपार झाला. दोनच वर्षांनी इराणी फौज दारात आल्यावर हद्दपारांना परत बोलावले गेले, आणि सॅलमिसच्या लढाईत हे दोघे एकाच बाजूने लढले आणि जिंकले. त्या विजयाचा शिल्पकार थेमिस्टोक्लीस इ.स.पू. ४७१ च्या सुमारास स्वतःच खापरांवर आला. नंतर देशद्रोहाचा आरोप झाल्यावर, ज्या इराणला त्याने हरवले होते, त्याच इराणच्या राजाच्या आश्रयाला तो गेला. राजाने त्याला मॅग्नेशिया शहर दिले.

अथेन्सच्या केरामेइकोस भागातल्या उत्खननात अशा हजारो खापऱ्या निघाल्या. त्यांत केवळ नावे नाहीत, जिभेचा तिखटपणाही आहे. कालियास नावाच्या माणसाला कोणी ‘इराणी’ ठरवले आणि एकाने खापरीमागे इराणी वेशातला तिरंदाजच काढला. सेनापती किमॉनला तर बहिणीला, एल्पिनिकेला, घेऊन चालते होण्याचा सल्ला मिळाला. त्या दोघांविषयी गावात कुजबुज होतीच.

शेवट मात्र हास्यास्पद झाला. इ.स.पू. ४१७ ते ४१५ च्या दरम्यान निकियास आणि अल्सिबायडीज या दोन पुढाऱ्यांपैकी कोणीतरी एक जाणार अशी चिन्हे होती. दोघांनी आपापले समर्थक एकत्र केले आणि हायपरबोलस या तिसऱ्याच पुढाऱ्याला घालवले. त्यानंतर अथेन्समध्ये अशी हद्दपारी पुन्हा झाली नाही. कायदा मात्र रद्द झाला नाही. सुमारे ९० वर्षांनी अरिस्टॉटलच्या शाळेत अथेन्सच्या राज्यघटनेवर ग्रंथ लिहिला गेला, तेव्हाही सभेला दरवर्षी ‘यंदा कोणाला घालवायचे आहे का?’ हा प्रश्न विचारला जात होता.