पाय, भाकर आणि चाळीसगावचा टांगा

धुळ्याहून रेल्वेने चाळीसगावला उतरलो, की स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेपाशी मला १९२९ सालचा टांगा आठवतो. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब त्या वर्षी खानदेशात आले होते. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाडा स्टेशनपासून दोन मैलांवर. वाडीतल्या लोकांनी पाहुण्यांसाठी टांगा ठरवला. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने द्यायला ते तयार होते, हाकायला तयार नव्हते. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हाती धरला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढचे काही दिवस त्यांना चालता येत नव्हते.

ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मी शाळामास्तर असताना ती मुलांना अनेकदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ एकच सांगितला: विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसापेक्षाही निरक्षर टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजत होता. हा अर्थ खराच आहे. परंतु २०२१ साली मी स्वतः पडलो, मांडीचे हाड मोडले, ते नीट जुळले नाही आणि मी घरात अडकलो. तेव्हापासून त्याच हकीकतीत मला दुसरा प्रश्न दिसू लागला. बाबासाहेबांचा पाय मोडला तेव्हा त्यांना मुंबईत घर होते, ताट वाढणारी रमाई होती. त्याच महारवाड्यात त्याच वर्षी एखाद्या साध्या माणसाचा पाय मोडला असता, तर तो घरात बसून काय खात होता? ते कोण आणून देत होते? आणि कशाच्या मोबदल्यात?

आपल्या माणसांच्या भाकरीचा इतिहास मी या प्रश्नापासून वाचायला लागलो. तेव्हा ध्यानात आले, की आपली भाकर फार पूर्वीपासून पायांना बांधलेली आहे.

वतन म्हणजे काय होते ते आठवून पाहा. पाटलाचा निरोप पोचवायचा, सरकारी टपाल पुढच्या गावी न्यायचे, सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, कोणी मेले तर परगावच्या नातलगांना सांगावा द्यायला रात्रीबेरात्री निघायचे. ही सगळी पायांची कामे. या चालण्याच्या मोबदल्यात बलुते, आणि येसकराची पाळी असेल त्याला घरोघर फिरून भाकर. ती भाकरसुद्धा घरी चालत येत नव्हती. घोंगडी खांद्यावर टाकून, काठी आपटत, दारोदार उभे राहून ती मागावी लागे. ज्याला चालता येत नाही त्याला काम नाही, आणि मागायला जाता येत नाही म्हणून भाकरही नाही. त्याच्या वाट्याची भाकर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, बहुधा बाईने किंवा पोराने, मागून आणायची.

कोणी म्हणेल, वाडीतल्या एकोप्याने अपंगांना जगवले. होय, जगवले. माझी माय सांगायची, की तिच्या माहेरी एक लंगडा म्हातारा होता आणि पाळीवरचा येसकर त्याच्या झोपडीत दोन तुकडे टाकून पुढे जाई. हा आपल्या लोकांचा मोठेपणा होता. त्याचे श्रेय गावगाड्याला देण्याचे कारण नाही. शिळ्या तुकड्यांतून काढलेला तो वाटा होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनसुधारणेचे विधेयक मांडले, १९५६ साली धर्मांतर झाले, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली. आपण भाकर मागणे सोडले, आणि ते सोडलेच पाहिजे होते. पण त्या लंगड्या म्हाताऱ्याच्या दोन तुकड्यांच्या जागी काय आले, हा प्रश्न चळवळीने फारसा विचारला नाही. आपण उभे राहायला शिकवले. ज्याला उभेच राहता येत नाही त्याचे काय, हे सांगायचे राहून गेले.

सरकारची भाकरही पायांनाच बांधलेली होती. १८७६–७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा एवढीच मजुरी ठरवली. तेवढ्यावर जड काम करणे अशक्य होते, म्हणून मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांनी माणसांचे दोन वर्ग केले: काम करू शकणारे आणि न करू शकणारे. आंधळे, पांगळे, म्हातारे अशा लोकांना कामाशिवाय फुकट मदत द्यावी, असे संहितेने मान्य केले. कागदावर ही मोठी गोष्ट होती. पण मदतीची यादी गावात होई, आणि गाव म्हणजे पाटील-कुलकर्णी. ज्याच्या निरोपासाठी आपण धावायचे त्यानेच ठरवायचे, की याला आता धावता येत नाही. १८९९–१९०० चा दुष्काळ खानदेशात फार कडक गेला. गावाबाहेरच्या वस्तीतल्या किती पांगळ्यांची नावे त्या याद्यांत चढली असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता माझ्या घरचे सांगतो. आमचे गाव साक्री तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. राज्यभर दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. बांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुखडी, यांवर आमची पिढी वाढली. माझी माय खडीच्या कामावर होती. एके दिवशी दगडांचा ढीग घसरला आणि तिचा गुडघा चिरडला. चार दिवसांनी हजेरीपटावरून तिचे नाव गेले. ज्याने ते खोडले त्याचा तिच्यावर राग नव्हता. काम मोजून पैसे होते, आणि जी खडी फोडत नाही तिच्या नावापुढे मोजायला काही नव्हते. याच दुष्काळातून रोजगार हमी योजना मोठी झाली. तिचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामाचा हक्क मान्य करणारा हा कायदा महाराष्ट्राचे भूषण आहे, असे मी आजही म्हणतो. परंतु त्यातली हमी अंगमेहनत करू शकणाऱ्या शरीराला होती. माझ्या मायच्या गुडघ्याला तिने काहीच दिले नाही.

मायने त्यानंतर तेवीस वर्षे बसून संसार केला. ती म्हणायची, “पाय गया तं गया, हात शेतस ना!” चूल जमिनीवरच होती. तिने सगळे घर चुलीच्या अंगाने मांडून घेतले. पिठाचा डबा उजव्या हाताला, पाण्याची कळशी डाव्या हाताला, मीठमिरची समोरच्या कोनाड्यात, पाटा-वरवंटा मागे. बसल्या जागी सरकत ती दिवसभराचे काम उरकी. भाकर कळण्याची: चार पायली ज्वारीत एक पायली काळे उडीद सालासकट घालून मीठ टाकून दळायचे. ज्वारी आणि उडीद एकत्र आले की एकातले उणे दुसरे भरून काढते, आणि ही भाकर अंगाला लागते, हे आता आहारतज्ज्ञ सांगतात. मायला ते पोटाने कळले होते. दुसऱ्या दिवशीही ती भाकर खाता येते, म्हणून चूल एकदाच पेटायची. पऱ्हाट्या आणायला कोणाचे तरी पाय लागत, आणि ते रोज मागायचे नसत. भाजी नसेल तेव्हा बेसन, डुबुकवड्या किंवा डाळ भरडून वाफवलेले फुणके. उन्हाळ्यात वांगी चिरून वाळवायची, अंबाडी वाळवायची, बिबडे घालायचे. पावसाळ्यात बाहेर जाणे बंद झाले, की डबे उघडायचे. पहिल्या पावसाने दाराशीच तरोटा उगवे. शेवगा तिने मुद्दाम अंगणात लावला होता, त्याचा पाला फांदी ओढून हाती येई.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने २०१५ साली आपल्या लोकांच्या खाण्याकडे पाहायला शिकवले. त्यात मला एवढेच जोडायचे आहे, की आपल्या स्वयंपाकघरात चालू न शकणाऱ्या बाईचीही एक विद्या होती. पण तिचे कौतुक करताना एक गोष्ट लपवता कामा नये. त्या विद्येला पाय लागत, आणि ते माझे होते. बाजार, दळण, पाणी, रेशन हे सगळे मी आणि माझी बहीण करायचो. बाजाराच्या दिवशी माझी शाळा बुडे. बहिणीची तर कायमचीच बुडाली. मी मास्तर झालो आणि ती झाली नाही, याचे कारण तिच्या डोक्यात नव्हते, मायच्या गुडघ्यात होते.

आज मी त्याच जागी आहे. विनाअनुदानित शाळेत सव्वीस वर्षे शिकवले, त्यामुळे पेन्शन नाही. पत्नी गेली, मुलगी सुरतेला सासरी. पडल्यानंतर दोन महिने मुलीने पैसे पाठवले आणि स्वयंपाकाला बाई ठेवायला सांगितले. एक बाई आली, घर पाहिले, पगार ठरला. जाताना तिने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला चाळीसगावचा टांगा आठवला. टांगा मिळतो, हाकणारा मिळत नाही. मग मायने घर मांडले होते तसेच मी मांडून घेतले. शेगडी जमिनीवर उतरवली. साठीच्या उंबरठ्यावर भाकर थापायला शिकलो. चळवळीत समतेवर पुष्कळ बोललो होतो. पण घरातली भाकर रोज कोण थापते याकडे जन्मभर पाहिले नव्हते, ही माझी चूक येथे कबूल करतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. तिची मदत २०२३ मध्ये महिना १५०० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये अपंगांसाठी ती २५०० करण्याचा निर्णय झाला. २०२४ सालच्या माझ्या वहीतला एक महिना असा आहे: ज्वारी ६ किलो २४० रुपये, उडीद दीड किलो १५०, तूरडाळ १२०, तेल १५०, शेंगदाणे ७०, भाजीपाला ३००, तिखट-मीठ-गूळ-चहा १५०, दळण ४०, गॅस तीन महिने पुरवतो म्हणून टाकीचा तिसरा हिस्सा २७०. बेरीज १४९०. औषध त्यात नाही. रेशनचे पाच किलो गहू-तांदूळ २०२३ पासून फुकट आहेत. पण दुकानापर्यंत रिक्षा जायला चाळीस, यायला चाळीस. एका महिन्यात मशीनने माझा अंगठा घेतला नाही. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, उद्या या.” दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐंशी. त्या फुकट धान्याची किंमत मी १६० रुपये मोजली, आणि दीड हजारात बसवलेला महिना मोडला.

कायदे नाहीत असे नाही. अंत्योदय योजना २००० साली आली. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २ मे २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृद्ध, अपंग, निराधार, विधवा यांना अंत्योदयचे कार्ड देण्याचा आदेश दिला. २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला. पण धान्य दुकानापर्यंत येते आणि तिथे थांबते. उरलेला मैलभर रस्ता ज्याचा त्याने चालायचा. येसकराच्या काळापासून हा मैल आपल्या डोक्यावर आहे.

तो दूर करता येतो. केरळमध्ये २०२३ साली अंथरुणाला खिळलेल्या गरिबांच्या घरी रेशन पोचवायची योजना सुरू झाली. ते पोचवतात रिक्षावाले, तेही भाडे न घेता. तामिळनाडूने ऑगस्ट २०२५ पासून वृद्धांच्या आणि अपंगांच्या दारात रेशन न्यायला सुरुवात केली. केरळचे ते वाचले तेव्हा मी बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसलो होतो. १९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी जे केले नाही ते दुसऱ्या एका राज्यातले रिक्षावाले करत आहेत. मग खानदेशात का होऊ नये?

आम्हाला आता ‘दिव्यांग’ म्हणतात. ज्या समाजाने ‘हरिजन’ हे नाव नाकारले त्याला गोड नावांचा अर्थ समजावून सांगायला नको. मला नाव नको, धान्य दारात हवे. ते कोणाच्या दयेने नको, हजेरीपटावरच्या कामाच्या मोबदल्यात नको आणि कोणा पोरीची शाळा बुडवून तर नकोच नको.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. आपल्या वस्तीत घराबाहेर पडू न शकणारी माणसे किती, ती आज काय जेवली आणि ते कोणी आणले, याची एक यादी करा. ती पाटील-कुलकर्ण्याने करायची यादी नव्हे, आपण करायची. यादीत त्या घरातल्या शाळा बुडवणाऱ्या मुलीचे नावही लिहा. ती तहसील कचेरीत द्या आणि उत्तर मागा. धुळ्यातल्या आमच्या गल्लीची यादी मी केली आहे. त्यात अकरा नावे आहेत, पहिले माझे.