राजधानीतील वृंदगायन : मैफलींचा हंगाम, परंपरा आणि व्यावसायिकतेचा प्रश्न

राजधानी दिल्लीत संगीताच्या कार्यक्रमांचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि वसंत ऋतूपर्यंत चालतो. या काळात शास्त्रीय गायन-वादनाच्या मैफलींबरोबरच वृंदगायनाचे, अर्थात अनेक कंठांनी एकत्र येऊन सादर केलेल्या गायनाचे कार्यक्रमही होतात. नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत त्यांची संख्या सर्वाधिक असते. हे वृंद कोणत्या परंपरेतून आले, त्यांतील चेंबर क्वायर हा प्रकार नेमका कोणता आणि पूर्णवेळ व्यावसायिक वृंद भारतात इतके दुर्मीळ का, याची माहिती या लेखात दिली आहे.

चेंबर क्वायर म्हणजे काय

चेंबर क्वायर म्हणजे मर्यादित गायकसंख्या असलेला वृंद. साधारणपणे सोळा ते चाळीस गायक त्यात असतात. शंभर किंवा त्याहून अधिक गायकांच्या मोठ्या कोरसमध्ये एखाद्या आवाजातील उणीव झाकली जाते. चेंबर क्वायरमध्ये ती सवलत नसते. सोप्रानो आणि आल्टो हे स्त्रियांचे, तर टेनॉर आणि बास हे पुरुषांचे आवाज, असे चार विभाग त्यात असतात. प्रत्येक विभागात मोजकेच गायक असल्याने प्रत्येकाचा सूर, शब्दोच्चार आणि श्वास थेट श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. पुष्कळ रचना वाद्यांच्या साथीविना गायिल्या जातात. सुरुवातीला स्वर दिला जातो आणि त्यानंतर रचना संपेपर्यंत सूर टिकवण्याची जबाबदारी केवळ गायकांवर असते.

मराठी श्रोत्याला समूहाने गाणे नवे नाही. भजनी मंडळात टाळकरी अभंगाची ओळ उचलतात तेव्हा सर्वजण एकच चाल गातात. चेंबर क्वायरमध्ये मात्र एकाच वेळी तीन-चार स्वतंत्र चाली चालू असतात आणि त्यांच्या मेळातून रचना उभी राहते. एखाद्या गायकाने शेजारच्या विभागाची चाल पकडली, तर संपूर्ण रचनेचा तोल जातो. त्यामुळे गायकाला स्वतःचे गाणे पाठ असणे पुरेसे नसते. दुसऱ्याचे गाणे कानांवर पडत असताना स्वतःच्या सुरावर ठाम राहणे हे त्याचे खरे कौशल्य मानले जाते.

पलुसकरांचा वारसा

दिल्लीतील भारतीय वृंदगायनाचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजाश्रयावर अवलंबून न राहता लोकाश्रयावर चालणारी संगीतसंस्था उभारणे, हा त्यांचा उद्देश होता. वर्गात अनेक विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्याच्या या पद्धतीमुळे एका सुरात, एका लयीत गाण्याची सवय शिक्षणाचाच भाग झाली. सार्वजनिक सभांमधील राष्ट्रगीते आणि सामूहिक प्रार्थना यांनाही त्यांच्या कार्यात महत्त्वाचे स्थान होते.

त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमती आश्रमात सामूहिक प्रार्थनेची घडी बसवली. ‘आश्रम भजनावली’चे संकलन त्यांच्याच नावाशी निगडित आहे. १९३० च्या दांडीयात्रेतही ते सहभागी झाले होते. संगीताचे शिक्षण न घेतलेल्या सामान्य माणसांकडून सुरात गाऊन घेण्याचे काम या परंपरेने प्रथमच इतक्या व्यापक प्रमाणावर केले.

पलुसकरांचे दुसरे शिष्य पंडित विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विनायकरावांचे शिष्य पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत याच नावाची संस्था सुरू केली. आज दीनदयाळ उपाध्याय मार्गावर असलेल्या या संस्थेने ‘गांधर्व क्वायर’ हा वृंद घडवला. मौद्गल्य यांच्यानंतर त्यांचे पुत्र आणि पंडित कुमार गंधर्व यांचे शिष्य मधुप मुद्गल यांनी या वृंदाचे संचालन केले.

या वृंदाची घडण पाश्चात्त्य क्वायरपेक्षा वेगळी आहे. रागाची चौकट येथे आधारभूत असते. एक गट षड्ज धरून ठेवतो, दुसरा सरगम गातो आणि तिसरा बंदिशीचे बोल मांडतो, अशा योजनेतून रागाचे शुद्ध रूप न बिघडवता अनेक स्वरांचा एकत्रित परिणाम साधता येतो. मात्र एकल गायनातील विस्ताराचे आणि उत्स्फूर्ततेचे स्वातंत्र्य येथे संचालकाच्या आखणीच्या अधीन असते.

मौद्गल्य यांचे एक गीत देशातील घराघरांत पोहोचले. १९७४ मधील ‘एक अनेक और एकता’ या बालपटासाठी ते वापरण्यात आले. विजया मुळे यांच्या संकल्पनेतून तयार झालेल्या या चित्रपटाला वसंत देसाई यांचे संगीत होते. देसाई यांनी महाराष्ट्रातील शाळांमध्ये ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमाद्वारे हजारो मुलांना एकत्र गायला शिकवले होते. दूरदर्शनवरून वारंवार प्रसारित झालेल्या या बालपटामुळे दिल्लीतील गीतकार आणि मराठी संगीतकार यांची ही कृती एका पिढीच्या स्मरणात राहिली.

चर्चमधून सभागृहाकडे

दिल्लीतील वृंदगायनाचा दुसरा प्रवाह चर्चमधून आला. संसद भवनाजवळील कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आणि गोल डाकखान्याजवळील सेक्रेड हार्ट कॅथेड्रल या दोन्ही इमारतींचे आराखडे वास्तुविशारद हेन्री मेड यांनी केले. उंच छत आणि दगडी भिंती यांमुळे अशा वास्तूंमध्ये स्वर काही क्षण रेंगाळतो. साथीविना गाणाऱ्या लहान वृंदाला हा नाद उपकारक ठरतो. याउलट राजधानीतील बहुतेक आधुनिक सभागृहे ध्वनिक्षेपकाचा वापर गृहीत धरून बांधली गेली आहेत. तेथे स्वर लवकर विरतो आणि गायकांना एकमेकांचे आवाज ऐकू येणेही कठीण होते.

धार्मिक सेवेबाहेर केवळ संगीतासाठी एकत्र येणाऱ्या वृंदांपैकी ‘कॅपिटल सिटी मिन्स्ट्रल्स’ हा १९९४ मध्ये झोहरा शॉ यांनी स्थापन केलेला वृंद उल्लेखनीय आहे. विविध धर्मांचे, देशांचे आणि व्यवसायांचे गायक त्यात सहभागी होत आले आहेत. नोकरी-व्यवसाय सांभाळून ही मंडळी सराव करतात. त्यांना गायनाचे मानधन मिळत नाही, या अर्थाने हा हौशी वृंद आहे. गायनाच्या दर्जाविषयीचा हा निर्णय नव्हे.

मुंबईतही असेच उदाहरण आढळते. आकाशवाणीच्या सेवेत राहिलेले व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेला परंज्योती अकॅडमी कोरस हा देशातील नामवंत वृंदांपैकी एक. परंज्योती यांच्या निधनानंतर कूमी वाडिया यांनी अनेक दशके त्याचे संचालन केले. परदेशातील रंगमंचावर नाव मिळवलेला हा वृंदही हौशी गायकांच्या बळावरच उभा राहिला.

शिलाँगचा अपवाद

भारतात चेंबर क्वायर हा शब्द सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय मेघालयातील शिलाँग चेंबर क्वायरला दिले जाते. लंडनमध्ये पियानोवादनाचे शिक्षण घेतलेले नील नोंगकिनरिह यांनी मायदेशी परतल्यावर २००१ मध्ये हा वृंद स्थापन केला. जुलै २०१० मध्ये चीनमधील शाओशिंग येथे झालेल्या सहाव्या जागतिक क्वायर स्पर्धेत वृंदाने तीन गटांत सुवर्ण पुरस्कार मिळवले. त्याच वर्षी एका दूरचित्रवाणी स्पर्धेत तो विजेता ठरला आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांच्या सन्मानार्थ राष्ट्रपती भवनात त्याचे गायन झाले.

खासी लोकगीते, पाश्चात्त्य अभिजात रचना आणि हिंदी चित्रपटगीते एकाच कार्यक्रमात गाण्याची या वृंदाची पद्धत लोकप्रिय झाली. गायनावर उपजीविका चालवणारा वृंद भारतात उभा राहू शकतो, हे त्याने दाखवून दिले. त्यासाठी बाजाराच्या मागणीशी, म्हणजेच चित्रपटसंगीत आणि खासगी समारंभ यांच्याशी, जुळवून घेणे मात्र आवश्यक ठरले. नोंगकिनरिह यांना २०१५ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. ५ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

खर्च आणि आश्रय

वृंद व्यावसायिक होण्यातील मुख्य अडचण आर्थिक आहे. ख्याल गायनाच्या मैफलीला एक गायक आणि तीन-चार साथीदार पुरेसे असतात. चोवीस गायकांच्या वृंदाला तितक्याच श्रोत्यांसमोर चोवीस जणांचे मानधन, संचालकाचे मानधन आणि कित्येक सरावांचा खर्च भागवावा लागतो. दिल्लीतील सांस्कृतिक संस्थांचे अनेक कार्यक्रम विनामूल्य असतात. रसिकांसाठी ही सोय मोलाची आहे. परंतु तिकिटाच्या उत्पन्नावर वृंद चालवण्याची शक्यता त्यामुळे आणखी कमी होते.

जगातील नामांकित व्यावसायिक वृंदही केवळ तिकिटांवर चाललेले नाहीत. त्यांपैकी अनेकांना प्रसारण संस्थांनी आश्रय दिला. बर्लिनमधील रिआस कामरकोर हा वृंद १९४८ मध्ये एका नभोवाणी केंद्रासाठी स्थापन झाला. ब्रिटनमधील बीबीसी सिंगर्स हा वीस गायकांचा वृंद १९२४ पासून कार्यरत आहे. मार्च २०२३ मध्ये, शताब्दी वर्षाच्या उंबरठ्यावर, खर्चकपातीसाठी तो बंद करण्याची घोषणा झाली. संगीतकार आणि श्रोत्यांनी मोठ्या संख्येने विरोध नोंदवला. त्याच महिन्यात निर्णय स्थगित करण्यात आला आणि पुढे अन्य संस्थेच्या सहकार्याने वृंद कायम ठेवण्याचा मार्ग काढण्यात आला. शंभर वर्षांची परंपराही आश्रयाच्या एका निर्णयावर अवलंबून असते, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

भारतात आकाशवाणीने १९५२ मध्ये दिल्लीत पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद स्थापन करून वादकांना अशा प्रकारचा आश्रय दिला. आकाशवाणीच्या केंद्रांवरून समूहगानाचे कार्यक्रमही प्रसारित होत आले. मुंबईत २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यमेळ राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राच्या आश्रयाने उभा राहिला. बहुस्वरी गायन करणाऱ्या वृंदाला मात्र असा स्थायी आधार देशात क्वचितच मिळाला आहे. याचा परिणाम गायकांवर होतो. लहानपणापासून चर्चमध्ये किंवा संगीतशाळेत तयार झालेला तरुण गायक विशीत पोहोचल्यावर उपजीविकेसाठी शिकवणी, चित्रपटांतील कोरस किंवा संगीताबाहेरील नोकरी यांकडे वळतो आणि वृंदाला दर काही वर्षांनी नव्याने घडावे लागते.

हंगाम आणि श्रोते

दिल्लीत पलुसकरांच्या स्मरणार्थ गांधर्व महाविद्यालयातर्फे आयोजित होणारा विष्णु दिगंबर जयंती संगीत समारोह पावसाळ्यात होतो. त्यात मुख्यतः एकल गायन-वादन असते. तरीही राजधानीतील संगीतहंगामाची चाहूल त्याने लागते. मंडी हाउस परिसरातील कमानी सभागृह, लोदी रोडवरील इंडिया हॅबिटॅट सेंटर, मॅक्स म्युलर मार्गावरील इंडिया इंटरनॅशनल सेंटर आणि चाणक्यपुरीतील दिल्ली स्कूल ऑफ म्युझिक ही संगीताच्या कार्यक्रमांची परिचित ठिकाणे आहेत. डिसेंबरमध्ये चर्चमधील नाताळगीतांच्या कार्यक्रमांना अन्य धर्मीय श्रोतेही आवर्जून उपस्थित राहतात.

वृंदांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असलेला हा काळ दिल्लीतील हवा सर्वांत दूषित असण्याचाही आहे. गायकाचे वाद्य म्हणजे त्याचा श्वास. दीर्घ स्वर अखंड ठेवण्यासाठी एका विभागातील गायक वेगवेगळ्या क्षणी श्वास घेतात. घसा बसलेल्या एका गायकामुळेही लहान वृंदातील ही आखणी विस्कळीत होऊ शकते. त्यामुळे गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद येथून सायंकाळच्या सरावासाठी दूरचा प्रवास करणाऱ्या हौशी गायकांना कार्यक्रमापर्यंत आवाज जपणे हेच मोठे काम असते.

प्रथमच अशा मैफलीस जाणाऱ्या श्रोत्यांनी काही संकेत ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. अनेक भागांच्या रचनेत प्रत्येक भागानंतर टाळ्या न वाजवता संपूर्ण रचना संपल्यावर दाद दिली जाते. ख्यालाच्या मैफलीत समेवर मिळणारी उत्स्फूर्त दाद येथे अपेक्षित नसते. ध्वनिक्षेपक नसल्यास पुढच्या रांगांपेक्षा मध्यभागी बसणे अधिक चांगले; तेथे चारही आवाज समतोल ऐकू येतात. एखादी रचना ऐकताना प्रथम खालच्या बास आवाजाकडे लक्ष दिल्यास वरच्या चालींची गुंफण समजणे सोपे जाते.

कार्यक्रमाचे ठिकाण, वेळ आणि प्रवेशिका यांबाबतची माहिती संबंधित सभागृहे आणि संस्था कार्यक्रमापूर्वी जाहीर करतात. विनामूल्य कार्यक्रमांत आसनव्यवस्था बहुधा प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वावर असते. तिकीट असलेल्या मैफलीचे तिकीट घेऊन जाणारा श्रोता वृंदातील गायकांच्या मानधनाला आपला वाटा देत असतो.